एक ठिगळ

मोडलेली वस्तू दुरुस्त झाल्यावर ती कधी मोडली होती हे कोणाच्याही ध्यानात येऊ नये, हाच दुरुस्तीचा सर्वोत्तम प्रकार होय अशी सर्वसाधारण समजूत आहे. रफूगाराची स्तुती करावयाची झाल्यास आपण ‘कोठे फाटले होते ते ओळखून दाखवा’ असे म्हणतो. कल्हई केलेल्या पातेल्यात तोंड दिसले म्हणजे गृहिणी प्रसन्न होते. आणि बसविलेला दात खऱ्यासारखा दिसावा म्हणून मनुष्य दंतवैद्याला वाटेल तेवढे पैसे मोजतो. वयाची पन्नाशी उलटेपर्यंत आम्हीही याच पंथाचे निष्ठावंत अनुयायी होतो. त्या पंथातून आम्ही बाहेर कसे पडलो, किंवा खरे बोलावयाचे तर बाहेर कसे ढकलले गेलो, त्याची ही हकीकत आहे. हकीकतीच्या मध्यभागी एक विजेची गिटार असल्यामुळे, पारनेरसारख्या गावी असले वाद्य आले कोठून, हे आधी सांगणे प्राप्त आहे.

ज्या जिल्ह्याला पूर्वी अहमदनगर म्हणत आणि आता अहिल्यानगर म्हणतात, त्यातील पारनेर हे आमचे गाव. सेनापती बापटांचे जन्मगाव म्हणून ते पुस्तकांत आढळते आणि अवर्षणाचा तालुका म्हणून सरकारी कागदांत आढळते. या गावचे लोक पावसाची वाट पाहण्यात आणि पाऊस न आल्यास मुंबईची वाट धरण्यात पिढ्यान्पिढ्या तरबेज आहेत. आमचे काका १९५२ साली असेच मुंबईस गेले. गिरणीत किंवा गोदीत लागण्याऐवजी ते एका वाद्यवृंदात शिरले, हा मात्र घराण्याला अनपेक्षित असा प्रकार होता. आजोबांनी त्यावर एवढेच उद्गार काढले, की मुलगा बिघडला असता तर बरे झाले असते, निदान लोकांना काय सांगावे ते तरी कळले असते.

काका जे वाद्य वाजवीत ते इतर गिटारींप्रमाणे छातीशी धरावयाचे नव्हे. ते मांडीवर आडवे ठेवावयाचे, उजव्या हाताने तारा छेडावयाच्या आणि डाव्या हातातील पोलादाची गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवावयाची. त्यामुळे स्वर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी न मारता घसरत जातो, म्हणजेच मींड निघते. ही युक्ती हवाई बेटांतील जोसेफ केकुकू या मुलाला सुमारे १८८९ साली सुचली असे सांगतात. हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि हवाईस जाऊन पोहोचलेल्या डेव्हियन नावाच्या एका माणसाकडे तो मान जातो असेही काहींचे म्हणणे आहे. या वादात आम्ही पडत नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त एकतंत्री वीणेचे वर्णन आहे आणि तिच्या तारेवरून बांबूची कांब सरकवीत असत, एवढे सांगून आम्ही मराठी वाचकाचा अभिमान सुखरूप ठेवतो. दक्षिणेत तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी हीच तऱ्हा गोट्टुवाद्यात पुन्हा प्रचारात आणली. तेव्हा ही परदेशी गिटार आपल्याकडे इतकी लवकर रुळली, आणि पुढे ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजविले, यात नवल नाही. जी वस्तू मींड देते तिचे कुलगोत्र हिंदुस्थानी कान विचारीत नाही.

या वाद्याची एक गंमत अशी, की त्याला वाद्यासारखे दिसण्याचे बंधन जवळजवळ नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पोकळ असलाच पाहिजे, कारण नाद त्या पोकळीत वाढतो. विजेच्या गिटारीत नाद वाढविण्याचे काम लाकडाकडे मुळी नाहीच. तारांखाली चुंबक असतो व त्याच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि तो मोठा करण्याचे काम निराळे यंत्र करते. शिवाय बोटे पडद्यांवर दाबावयाची नसल्यामुळे पडदे म्हणजे केवळ रंगविलेल्या रेघा. अशा स्थितीत कारागिराने अंग कशाचे करावे? अमेरिकेत १९३२ साली बाजारात आलेली अशी पहिली गिटार ॲल्युमिनिअमची ओतीव होती आणि हुबेहूब तव्यासारखी दिसत असल्यामुळे तिला लोक ‘फ्राइंग पॅन’च म्हणू लागले. रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने तो तवा तापे आणि सुरातून उतरे, म्हणून १९३५ साली त्याच कारखान्याने बॅकेलाइटचे अंग केले. इतर कारखान्यांनी साध्या लाकडाची फळी घेऊन तिच्यावर शिंपल्यासारखे चमकणारे सेल्युलॉइडचे पत्रे चिकटविले. सुप्रो, मॅग्नाटोन इत्यादी नावांच्या स्वस्त गिटारी अशा मोतिया झगमगाटात विकल्या गेल्या. त्या पत्र्याला अमेरिकन वादकांनी शौचकूपाच्या बैठकीवरून एक थट्टेचे नाव ठेवले होते. ते येथे छापण्याजोगे नाही, परंतु वाचकांना ते ताडता येईल.

काकांची गिटार या मोतिया जातीची होती. चोरबाजारात ती त्यांना मिळाली तेव्हाच तिच्यावरील नावाची पट्टी गळून पडलेली होती. त्यामुळे तिचा कारखाना कोणता हे आम्हांस आजही सांगता येत नाही. परंतु तिचा वास मात्र आम्ही डोळे मिटून ओळखू. पेटी उघडली की कापराचा मंद वास येई. आमची आजी त्यामुळे त्या पेटीस पाय लागू देत नसे, आणि देवाच्या वस्तूबरोबर ही वस्तू एकाच दुकानातून आली असावी अशी तिची समजूत होती. ती समजूत शास्त्राच्या दृष्टीने अगदीच टाकाऊ नव्हती. सेल्युलॉइड हा पदार्थ नत्राम्लाचा संस्कार केलेला कापूस आणि कापूर यांच्या मिश्रणानेच होतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ज्या फितीवर हरिश्चंद्र दाखविला तीही याच कुळातली. त्यात माशांच्या खवल्यांपासून काढलेला चकाकणारा अर्क मिसळला की तो शिंपल्याचे सोंग घेतो. सोंग फार देखणे असते, पण कापूर उडून जातो तसा पत्रा आक्रसतो, पिवळा पडतो आणि कडांना तडकतो.

१९७२ च्या दुष्काळात काका पारनेरला परतले ते कायमचे. आजोबा थकले होते, विहिरीने तळ दाखविला होता, आणि मुंबईत विजेच्या गिटारीवर चित्रपटगीते वाजविणारे व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्यासारखे थोर वादक असताना आमच्या काकांवाचून कोणाचे अडत नव्हते. एका कचेरीत त्यांनी कारकुनी पत्करली. नाद वाढविण्याचे यंत्र त्यांनी मुंबईतच विकले होते. म्हणून ते गिटारीची तार घरच्या जुन्या रेडिओच्या पाठीमागे, ग्रामोफोन जोडण्यासाठी ठेवलेल्या दोन भोकांत खुपशीत. मग रेडिओतून बातम्यांऐवजी काकाच ऐकू येत. शेजारच्या एका वृद्ध बाईंचा बरेच दिवस असा समज होता, की आमच्या घरच्या रेडिओला मुंबईहून निराळे केंद्र लागते.

परंतु पारनेरची वीज ही पारनेरच्या पावसाची सख्खी बहीण होती. ती गेली म्हणजे काका रेडिओ बंद करीत आणि तरीही गिटार वाजवीत बसत. विजेवाचून त्या वाद्याचा आवाज किती? चार हातांवर बसलेल्या माणसाला पाल चुकचुकावी इतकाच. मात्र त्या फळीला कान लावला तर आत सगळे भरभरून वाजत असते, हा शोध आम्हांस वयाच्या नवव्या वर्षी लागला. काकांनी तो आम्हांस लावू दिला असे म्हणणे अधिक बरोबर होईल. अंधारात आम्ही गिटारीच्या एका टोकास कान लावून बसत असू आणि दुसऱ्या टोकास काकांची मुलगी, आमच्याहून तीन वर्षांनी लहान. आम्हां दोघांच्या डोक्यांमध्ये काकांचे हात. पुढे पुष्कळ संगीत आम्ही ऐकले, काही तिकिटे काढून आणि काही झोपा काढून. पण संगीत हाडांतून ऐकू येते हा अनुभव त्यानंतर आला नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळणे टाळता येत नाही.

१९८० सालच्या मे महिन्यातील दुपार होती. काका कचेरीत, काकू व आमची आई माजघरात निजलेल्या. आम्ही पेटी उघडली, गिटार मांडीवर घेतली, कांडी धरली. दहा वर्षांच्या मुलाच्या मांड्या अरुंद असतात, एवढा एकच बचाव आम्हांस आजपर्यंत सुचला आहे. गिटार निसटली आणि तिचा खुंट्यांकडचा कोपरा शहाबादी फरशीवर आदळला. लाकडाची एक ढलपी उडाली, त्यावरचा मोतिया पत्रा रुपयाएवढा फुटला आणि त्याचे तुकडे असे काही उडाले, की शोधूनही दोनच सापडले. ते आम्ही खिडकीतून परसात फेकले, गिटार पेटीत ठेवली, पेटी जागच्या जागी सारली आणि ओट्यावर जाऊन पाढे म्हणत बसलो. पाढे म्हणत बसलो ही गोष्ट आम्हांस अधिक लागते. ती आम्ही कोणी न सांगता केली होती.

संध्याकाळी पेटी उघडली गेली. त्याच दिवशी सकाळी काकांच्या मुलीने पेटीत हात घालून तार ओढली होती आणि काकूंनी तिला रागे भरले होते. त्यामुळे प्रश्न कोणी विचारलाच नाही. सर्वांनी तिच्याकडे पाहिले आणि ती रडू लागली. सात वर्षांच्या मुलीचे रडणे हाच घरातील न्यायालयात कबुलीजबाब समजला गेला. आम्ही तेथेच उभे होतो. काका हात उगारणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी एवढेच म्हटले, ‘मोठी झालीस की शिकवीन हो. तोवर हात लावू नकोस.’ दुसऱ्या दिवशी पेटीला कुलूप लागले आणि किल्ली काकांच्या करदोट्याला. ती मोठी झाली, परंतु तिने पुन्हा कधी विचारले नाही. पुढे ती शिक्षिका झाली, लग्न होऊन नगरला गेली. तिच्या घरात रेडिओ असे, हार्मोनिअम नसे.

काकांनी गिटार स्वतः दुरुस्त केली. ढलपी सुताराच्या सरसाने चिकटवून सुतळीने आवळून दोन दिवस ठेवली. पत्र्याची जागा भरावयाची तर तसला पत्रा नगरलाही मिळण्यासारखा नव्हता. तेव्हा त्यांनी मुंबईहून येताना तडकलेली एक जुनी तबकडी काढली. त्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत, हे आजच्या वाचकांपैकी थोड्यांस ठाऊक असेल. पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर एक बारीक कीटक जी राळ सोडतो तीच ही लाख. सोनार दागिना बसविण्यास वापरतो तीच, आणि सुतार पॉलिशला वापरतो तीही तीच. तिच्यात दगडाची पूड व काजळी मिसळून तबकडी होते. काकांनी ती खलबत्त्यात कुटली, पॉलिशच्या स्पिरिटात भिजत घातली आणि त्या काळ्या लगद्याने खड्डा भरला. पण मोतिया अंगावर तो काळा डाग दृष्ट लागू नये म्हणून लावलेल्या तिटासारखा दिसू लागला. मग त्यांनी आपल्या सदऱ्यांच्या शिंपल्याच्या गुंड्या कापल्या, कानशीने घासून कागदासारख्या पातळ केल्या, त्यांचे तुकडे केले आणि लाख ओली असतानाच एकेक तुकडा चिमट्याने बसविला. वर पुन्हा लाखेचा हात. ते काम करीत असताना आम्ही शेजारी बसलो होतो. चिमटा आम्हीच देत होतो.

काका १९९८ साली वारले. पेटी आमच्या माळ्यावर राहिली.

२०२३ साली आमच्या बहिणीस पन्नास वर्षे पूर्ण व्हावयाची होती. तेव्हा गिटार नव्यासारखी करून तिला भेट द्यावी असा विचार आमच्या मनात आला. विचार उदात्त होता, यात संशय नाही. उदात्त विचारांची पाठ उलटून पाहण्याची सवय आम्हांस नाही. पुण्यातील एका जाणत्या संग्राहकाला छायाचित्रे दाखविली. त्याने वाद्याची तारीफ केली, परंतु कोपऱ्यातील ठिगळावर बोट ठेवून म्हणाला, की एवढे काढून परदेशाहून जुन्या धर्तीचा पत्रा मागवा आणि सबंध अंगच नवे मढवा. नाहीतर जसेच्या तसे राहू द्या, कारण या वाद्यांच्या बाजारात मूळ अंगावरचे ओरखडेही किमतीचे समजतात. यातला पहिला अर्धा सल्ला आम्ही उचलला. दुसरा ऐकू आला नाही.

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात तीस वर्षे घालविलेल्या माणसाला हा प्रश्न नवा असावयास नको होता. जुन्या इमारतींचे तथाकथित पुनरुज्जीवन म्हणजे असत्य होय, असे रस्किनने १८४९ मध्येच बजाविले होते. आणि विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या वास्तू खरवडणाऱ्यांविरुद्ध एक मंडळ काढले, त्याला ‘खरवडूविरोधी’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले. हे आम्ही वर्गात कित्येकदा सांगितले आहे. पण प्राध्यापकाच्या ज्ञानाचा उपयोग मुख्यतः विद्यार्थ्यांना असतो. आमच्या मनाने लगेच दुसरा दाखला काढला. २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शतकांचा शेंदूर उतरविला आणि शेकडो किलो शेंदराखालून देवीचे मूळ रूप प्रकट झाले. मग एका गिटारीवरची तोळाभर लाख उतरविल्यास काय बिघडले? युक्तिवाद पक्का होता. त्यात एकच उणीव होती. शेंदराखाली मूर्ती होती. ठिगळाखाली काय होते, हे आम्हांला ठाऊक होते.

वाद्याची डागडुजी म्हटली म्हणजे महाराष्ट्रात मिरजेवाचून दुसरे गाव डोळ्यांपुढे येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे कारागीर, संस्थानिकांच्या आश्रयाने तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांपासून सुरू झालेली ती परंपरा अजून चालू आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आम्ही गेलो त्या कारखान्यात पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आढ्यास टांगलेले होते आणि एक मुलगा कापडाच्या बोळ्याने तंबोऱ्यावर चपड्या लाखेचे हात देत होता. स्पिरिटाचा तो वास नाकात शिरला आणि आम्ही एकाएकी १९८० सालच्या पडवीत जाऊन पोहोचलो.

वृद्ध कारागिराने आमचे वाद्य मांडीवर घेतले. विजेच्या वाद्याचे काम आपण क्वचित करतो असे त्यांनी प्रथमच सांगितले. मग भिंग घेऊन त्यांनी तो कोपरा पाहिला, नखाने टकटक केले, अंगठ्याने चोळले आणि विचारले, ‘हे कुणी केलं?’

‘आमच्या काकांनी. ते कारागीर नव्हते.’

‘दिसतंय ते. पण सर, हे शिंपलं खरं आहे. बाकी सगळं अंग खोटं आहे आणि ठिगळ तेवढं खरं आहे.’ त्यांनी भिंग आमच्या हाती दिले. ‘पत्रा सगळीकडे आकसलाय, कडा उचलल्यात. ही लाख जागची हललेली नाही. मी काढून देईन. पण एकदा काढलं की पुन्हा बसवता येणार नाही. कशापायी काढायचं तेवढं सांगा.’

या प्रश्नास उत्तर देणे आम्हांस कठीण वाटू नये अशी आमची योग्यता होती. सौंदर्यदृष्टी, सुसंगती, मूळ स्वरूप असे तीन शब्द ओठांशी आलेही. परंतु भिंगाखाली त्या गुंड्यांच्या तुकड्यांतील बारीक भोके दिसत होती, दोऱ्याची भोके, काही अर्धी कापलेली. काकांनी ती लाखेने भरली होती. आम्ही म्हटले, ‘राहू द्या. कडा तेवढ्या बसवा आणि खुंट्या सैल करा.’ त्यांनी मान हलविली आणि दुसरे काही विचारले नाही. आमचे गुपित त्यांना कळले असे नाही; पण काही लपविण्यासाठी दुरुस्ती मागणारे गिऱ्हाईक त्यांनी आमच्या आधीही पाहिले असावे.

परतीच्या गाडीत पेटी मांडीवर ठेवून आम्ही हिशेब केला. ते ठिगळ आमच्या डोळ्यांना खुपत होते ते मोतिया रंगाशी जुळत नव्हते म्हणून नव्हे. ते साक्षीदार होते आणि आम्ही साक्षीदार नाहीसा करावयास निघालो होतो. शिवाय जिच्यावर आरोप आला तिलाच तो नाहीसा करून भेट देणार होतो. घरी आल्यावर ही सर्व हकीकत आम्ही पत्नीस प्रथमच सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, ‘मला काय सांगता? मी थोडीच सात वर्षांची होते.’

त्या दिवाळीत बहीण पारनेरला आली. भाऊबीजेची ओवाळणी झाली, तबक आत गेले आणि आम्ही पेटी तिच्यापुढे आणून ठेवली. ती हसली, पण तिने पेटी उघडली नाही, हातही लावला नाही. त्रेचाळीस वर्षांपूर्वीची आज्ञा ती अजून पाळीत होती. तेव्हा मात्र आमच्याने राहवले नाही. आम्ही पाढ्यांसह सर्व सांगितले.

ती रागावेल किंवा रडेल अशी आमची अपेक्षा होती. क्षमा करील अशीही असावी, कारण मनुष्य कबुली देताना तेवढी लबाडी करतोच. तिने बराच वेळ काही म्हटले नाही. मग विचारले, ‘म्हणजे मी मोडली नव्हती?’

तिच्या प्रश्नाचा अर्थ समजण्यास आम्हांस क्षणभर लागला. आमची समजूत अशी होती, की आपण निर्दोष आहोत हे तिला सदैव ठाऊक होते आणि ती एक अन्याय सोशीत होती. तसे नव्हते. सकाळी आपण तार ओढली तेव्हाच आत काहीतरी सुटले आणि संध्याकाळपर्यंत ते मोडले, असे त्या सात वर्षांच्या मुलीने ताडले होते, आणि मोठेपणीही ते तपासून पाहण्याचे कारण तिला पडले नव्हते. आपल्या हाताला काही वस्तू टिकत नाहीत अशी तिची स्वतःविषयी समजूत होती. शाळेतली हार्मोनिअमही ती दुसऱ्या बाईंना उचलावयास सांगत असे. आम्ही एक कोपरा मोडला असे समजत होतो. आम्ही काय मोडले होते त्याचा पत्ता आम्हांस त्या दिवशी लागला.

‘दादा,’ ती म्हणाली, ‘हे बाबांना सांगायला हवं होतंस रे.’

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. काका आणखी अठरा वर्षे जगले होते. अठरा वर्षांत सुमारे साडेसहा हजार दिवस येतात. त्यांपैकी कोणत्याही एका दिवशी हे वाक्य बोलता आले असते.

मग तिने पेटी उघडली. कापराचा वास आता नावापुरता होता. तिने तो कोपरा पाहिला, बोटाने गुंड्यांचे तुकडे मोजले आणि म्हणाली, ‘त्या वर्षी बाबांच्या सगळ्या सदऱ्यांना वेगवेगळ्या गुंड्या होत्या. आई म्हणायची, कचेरीत काय म्हणत असतील. मला वाटायचं, माझ्यामुळे गेल्या.’ थोडे थांबून तिने विचारले, ‘हे काढायचं म्हणत होतास तू?’

आम्ही होकार दिला.

‘नाही काढायचं.’

रेडिओ केव्हाच भंगारात गेला होता आणि नाद वाढविण्याचे यंत्र आम्ही आणले नव्हते. तिने गिटार मांडीवर घेतली, कांडी चुकीच्या हातात धरली, मग हात बदलला. एक तार छेडून कांडी सरकविली. चार हातांवर बसलेल्या आम्हांस पाल चुकचुकल्याइतका आवाज आला. ती वाकली आणि तिने आपला कान फळीला लावला. दुसरे टोक मोकळे होते. आम्ही उठलो नाही. काही जागा माणसाने एकदा गमावल्या म्हणजे बोलावणे आल्यावाचून पुन्हा तेथे जाऊन बसू नये, एवढे शहाणपण आम्हांस त्या दिवशी सुचले.

निघोजला कुकडीच्या पात्रात जे प्रसिद्ध रांजणखळगे आहेत, ते पाहावयास पाहुणे आले म्हणजे आम्ही त्यांना नेतो. पाण्याने व पाण्याबरोबर फिरणाऱ्या दगडांनी कातळाला जी जिल्हई दिली आहे तशी कोणाही कारागिराच्या हातून येणार नाही, असे व्याख्यान आम्ही तेथे पूर्वी देत असू. काळ सर्व काही गुळगुळीत करतो हे त्याचे तात्पर्य असे. ते व्याख्यान आता आम्ही बंद केले आहे. काळ खळगे गुळगुळीत करतो; बुजवीत नाही. बुजवावयाचे तर कोणीतरी सदऱ्याच्या गुंड्या कापाव्या लागतात, आणि ते काम काकांनी न सांगता केले. मोडले कोणी याची चौकशीही त्यांनी केली नव्हती. त्यांना काही कळले होते काय, हा प्रश्न मिरजेच्या त्या भिंगापासून आमच्या मागे लागला आहे. चिमटा त्यांनी आम्हांलाच का द्यावयास सांगितला, याचाही विचार मनात येतो. परंतु त्याचे उत्तर आपल्या सोयीचे निघावे अशी इच्छा असल्यामुळे आम्ही ते काढीत नाही.

दुसऱ्या दिवशी बहीण नगरला निघाली. एस. टी. स्थानकावर गर्दी होती. पेटी जड, तिचे वय पन्नास, आणि आम्ही वडील भाऊ; तेव्हा गाडीत चढविण्यासाठी पेटी उचलण्यास आम्ही पुढे झालो.

‘राहू दे दादा,’ ती म्हणाली, ‘मी घेते.’

आणि पेटी दोन्ही हातांनी उचलून ती गाडीत चढली.